व्हीमिक्सच्या मशीनमधलं १६५० काढून कोणतं ग्राफिक्स कार्ड टाकावं?

मंगलमिक्स
लाइव्हच्या कामासाठीचं मशीन (त्यावर व्हीमिक्स, म्हणजे कॅमेरे मिसळून दाखवायचं सॉफ्टवेअर चालतं) असं आहे: आय७-१२७००, बी६६० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० (४ जीबी), डेकलिंक ड्युओ २ (कॅमेऱ्यांचं चित्र आत घेणारं कॅप्चर कार्ड), ४५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). कामं लग्न, व्याख्यानमाला आणि कबड्डी सामन्यांची.

इनपुट: एसडीआय केबलवर ४ कॅमेरे (१०८०पी५०), पीपीटीच्या लॅपटॉपचं एक एनडीआय (नेटवर्कवरून येणारा व्हिडिओ), एक व्हिडिओ, नावांची पट्टी आणि फोटो.
आउटपुट: कार्डाच्या एचडीएमआयमधून एलईडी वॉल, यूट्यूब, फेसबुक आणि रेकॉर्डिंग.

एलईडीचं आउटपुट आणि रेकॉर्डिंग एकदम सुरू केलं की व्हीमिक्सच्या खालच्या पट्टीतला रेंडर टाइम (एक फ्रेम रचायला लागणारे मिलिसेकंद) ९ वरून २२-२४ वर जातो आणि एफपीएस ५० वरून ४३-४४ वर येतो. सीपीयू मात्र ३५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. एलईडीवर नावांची पट्टी झटके खात सरकते, ती तक्रार वेगळीच.

बजेट ४५-५० हजार. दुकानदार ४०६० घ्या म्हणतो. दुसऱ्या एकाचं म्हणणं, लाइव्हला क्वाड्रोच (एनव्हिडियाचं व्यावसायिक कार्ड) लागतं, ए२००० बघा. तिसरा सांगतो की १६५० राहू द्या आणि शेजारी आणखी एक कार्ड लावा. यातलं काय बरोबर?

चौथी_लेन
पैसे काढायच्या आधी पाच मिनिटांचं काम. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर) उघडा, 'बस इंटरफेस' ही ओळ बघा. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट सुरू करा आणि मग वाचा. कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला पीसीआयई लिंक (कार्ड आणि बोर्ड यांच्यामधली वाट) १.१ वर उतरते, तो आकडा पाहून घाबरू नका. टेस्ट चालू असताना '@' नंतर काय दिसतं ते इथे लिहा.

सीपीयू निवांत, रेंडर टाइम २० च्या वर, आणि आउटपुट वाढवलं की कोसळतं: या लक्षणांत कार्ड कमजोर असण्याइतकीच स्लॉट चुकलेला असण्याची शक्यता आहे. ५० एफपीएसला एका फ्रेमसाठी २० मिलिसेकंद मिळतात. रेंडर टाइम त्याच्या वर गेला की फ्रेम पडणारच, मग कार्ड कोणतंही असो.

मंगलमिक्स
टेस्ट चालू असताना 'पीसीआयई एक्स१६ ३.० @ एक्स४ ३.०' दिसतंय. वरच्या लांब स्लॉटमध्ये डेकलिंक आहे आणि ग्राफिक्स कार्ड खालच्या स्लॉटमध्ये. मशीन जोडणाऱ्याने कॅप्चर कार्ड महत्त्वाचं म्हणून वर लावलं होतं.

चौथी_लेन
मग निम्मं उत्तर इथेच मिळालं. बी६६० बोर्डवर दोन्ही स्लॉट लांबीला सारखे दिसतात, पण बहुतेक बोर्डांवर खालच्या स्लॉटला चिपसेटमधून चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, मिळतात ('एक्स४' म्हणजे तेच). स्लॉट एक्स१६ आकाराचा आहे म्हणजे तो एक्स१६ वेगाचा आहे असं नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत स्लॉटसमोर 'एक्स४ मोड' असं छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही.

आता हिशोब. १०८०पीची एक फ्रेम ४ बाइट प्रति पिक्सेल धरली तर १९२० × १०८० × ४, म्हणजे सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला ५० फ्रेम म्हणजे ४१५ एमबी. एसडीआयमधून येणारी फ्रेम ४:२:२ मध्ये (रंगाची माहिती निम्मी ठेवणारी पद्धत) २ बाइट प्रति पिक्सेल असते, म्हणून तिचं निम्मं: ४.१५ एमबी, सेकंदाला २०७ एमबी. चार कॅमेऱ्यांचे ८३० एमबी झाले. त्यात एनडीआय आणि व्हिडिओ मिळवा. हे सगळं दर सेकंदाला ग्राफिक्स कार्डात चढतं, आणि जे आउटपुट कार्डाच्या बाहेर न्यायचं ते उलट्या दिशेने उतरतं.

पीसीआयई ३.० एक्स४ कागदावर ३.९ जीबी प्रति सेकंद देतं, प्रत्यक्षात त्याहून कमी. सेकंदाच्या बेरजेत ते पुरेसं वाटतं, पण अडचण वेळेची आहे. ८.३ एमबीची एक फ्रेम एक्स४ वर न्यायला सुमारे २.१ मिलिसेकंद लागतात, एक्स१६ वर अर्धा मिलिसेकंद. सहा-सात वस्तू वर आणि एक-दोन खाली असं झालं की २० पैकी निम्मा वेळ नुसत्या वाहतुकीत जातो आणि मिक्सिंगला उरलेलं पुरत नाही. शिवाय खालचा स्लॉट चिपसेटमधून जातो, म्हणजे एम.२, साटा, यूएसबी, नेटवर्क यांच्याबरोबर एकाच वाटेवर.

डेकलिंक ड्युओ २ ला पीसीआयई २.० च्या चार लेन लागतात, म्हणजे २ जीबी प्रति सेकंद. ती खालच्या स्लॉटमध्ये आरामात बसते. अदलाबदल करा. मशीन बंद, एसएमपीएसचं बटण बंद, वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, मगच कार्ड ओढा. वरच्या स्लॉटच्या टोकाला खटका असतो, तो दाबल्याशिवाय ओढलंत तर स्लॉटच उखडेल. नंतर पुस्तिकेत एवढं तपासा की खालचा स्लॉट एखाद्या एम.२ शी लेन वाटून घेत नाही ना. तसं असेल तर रेकॉर्डिंगची एसएसडी दुसऱ्या एम.२ मध्ये हलवा.

मंगलमिक्स
अदलाबदल केली. आता '@ एक्स१६ ३.०' दिसतंय. तोच सगळा भार टाकल्यावर रेंडर टाइम १२-१३ आणि एफपीएस ५० वर स्थिर. पण जीपीयू मेमरी ९१ टक्के दाखवते, आणि फोटोंकडे गेलं की मध्येच एक झटका येतो.

ग्रेडिंगबाबा
फोटो कॅमेऱ्यातून आले तसेच टाकताय ना? २४ मेगापिक्सेलचा जेपीजी डिस्कवर ८-१० एमबीचा असतो, पण उघडल्यावर ६००० × ४००० × ४ म्हणजे ९६ एमबी होतो. प्रत्येक फोटोचा वेगळा इनपुट केला तर तीस फोटोंचे जवळजवळ २.९ जीबी. तेच फोटो १९२० × १०८० करून घेतले तर तीसांचे मिळून २५० एमबी. एलईडीवर फरक दिसणार नाही, कारण आउटपुटच १०८०पी आहे.

कार्डाची मेमरी भरली की विंडोज जास्तीचा माल साध्या रॅममध्ये ठेवतं आणि लागेल तेव्हा पीसीआयईवरून आणतं. तुमचा तो झटका बहुधा हाच. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर 'शेअर्ड जीपीयू मेमरी' वाढताना दिसली की समजा.

चौथी_लेन
आता कार्डाकडे येऊ. १६५० बदलावंच लागेल असं नाही, पण बदलायला दोन खरी कारणं आहेत: ४ जीबी मेमरी आणि जुना एन्कोडर. बहुतेक १६५० मध्ये एनव्हेंक (एनव्हिडियाच्या कार्डातला व्हिडिओ एन्कोडर) ट्युरिंगच्या आधीच्या पिढीचा आहे. १६५० सुपर आणि त्यापुढच्या कार्डांत ट्युरिंगचा. एकाच बिटरेटला चित्र कुठे फाटतं ते कबड्डीत चटकन कळतं: मॅटचा सपाट रंग, पळणारे पाय, मागची गर्दी. ६ एमबीपीएसच्या स्ट्रीमवर जुना एन्कोडर गर्दीचा चिखल करतो. लग्नात, जिथे कॅमेरा स्टँडवर आणि माणसं उभी, तिथे फरक शोधावा लागेल.

तुमच्या बजेटमध्ये माझी पसंती ५०६० टीआयच्या १६ जीबीला. आठ लेनचंच कार्ड आहे, पण तुमच्या बोर्डाचा वरचा स्लॉट ४.० वर चालला तरी एक्स८ ४.० म्हणजे १५.७५ जीबी प्रति सेकंद, जेवढं ३.० एक्स१६ देतं तेवढंच. १८० वॅट. किंमत आवाक्याबाहेर गेली असेल तर ४०६०. ते ८ जीबी, ११५ वॅट, तेही आठ लेनचं. १०८०पी५० च्या सहा-सात इनपुटला ८ जीबी पुरते, फोटो छोटे करायची सवय लागली तर. दुकानदार चुकीचं सांगत नाहीये, फक्त त्याने स्लॉट बघितला नाही.

नाव सारखं आणि मेमरी वेगळी असा प्रकार आहे, तेवढं सांभाळा. ५०६० टीआय ८ जीबीतही येतं, ४०६० टीआय तसंच. बिलावर जीबी लिहून घ्या.

क्वाड्रोचं म्हणाल तर आता ते नाव राहिलं नाही, पण माणसं अजून तेच म्हणतात. आरटीएक्स ए२००० चे गुण खरे आहेत: ७० वॅट, वेगळी पॉवर वायर नको, अर्ध्या उंचीचं. छोट्या कॅबिनेटच्या फिरत्या युनिटला ते शोभतं. पूर्वी क्वाड्रो सांगायचे त्याचं मोठं कारण एन्कोडिंगच्या संख्येची मर्यादा हे होतं. जीफोर्सवर एका वेळी दोन-तीनच एन्कोड चालायचे. २०२३ मध्ये ती मर्यादा ५ झाली आणि २०२४ मध्ये ८. तुम्हाला यूट्यूब, फेसबुक, रेकॉर्डिंग मिळून ३ लागतात. ड्रायव्हर खूप जुना असेल तरच अडेल.

फेडर_२
दुसऱ्या कार्डाबद्दल: व्हीमिक्स सगळं मिक्सिंग एकाच कार्डावर करतं. शेजारी दुसरं लावून मिक्सिंगची ताकद वाढत नाही. उलट बोर्डाने लेन वाटल्या तर पहिल्याच्या कमी होतील. दुसऱ्या कार्डाला किंवा मदरबोर्डच्या एचडीएमआयला मॉनिटर लावणं हीसुद्धा तीच चूक, कारण त्या मॉनिटरवर जाणारी प्रत्येक फ्रेम एका कार्डातून दुसऱ्याकडे न्यावी लागते. मल्टिव्ह्यूचा मॉनिटर, ऑपरेटरचा मॉनिटर, एलईडी, सगळं मुख्य कार्डालाच लावा. बहुतेक जीफोर्स कार्डांवर चार डिस्प्ले चालतात.

आणि ड्युओ २ चे चार कनेक्टर इनपुट किंवा आउटपुट, दोन्ही होतात, पण एका वेळी एकच. उद्या एलईडीला एसडीआयने फीड द्यायचं ठरवलंत तर एक कॅमेरा कमी होईल, हे कार्यालयात पोचल्यावर लक्षात येऊ नये.

जुनंमशीन
यातच विचारतो. माझ्याकडे आय७-९७०० आहे, बोर्ड पीसीआयई ३.० चा. तिथेही ४०६० चालेल का?

चौथी_लेन
चालेल, पण तिथे ते एक्स८ ३.० होईल, म्हणजे ७.९ जीबी प्रति सेकंद. तीन-चार एचडी कॅमेऱ्यांना पुरे, ४के घ्यायला लागलात की जाणवेल. ४के५० ची एक फ्रेम चौपट, ४ बाइटने धरली तर सेकंदाला १.६६ जीबी. जुन्या बोर्डावर आरटीएक्स ३०६० १२ जीबी जास्त शहाणपणाचं, कारण ते पूर्ण सोळा लेनचं आहे. १७० वॅट लागतात. एव्ही१ (नवा व्हिडिओ फॉरमॅट) एन्कोडिंग त्यात नाही, पण तुमचं स्ट्रीमिंग एच.२६४ वरच असेल तर अडत नाही.

एक कार्ड मात्र कुणी फुकट दिलं तरी या कामाला लावू नका: रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी किंवा ६४००. चारच लेन, आणि व्हिडिओ एन्कोडर मुळातच नाही. जीटी १०३० लाही एनव्हेंक नाही. 'आजचं निभावून न्या' म्हणून लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत हीच पुढे केली जातात.

जुनंमशीन
सेकंडहँड ३०६० घ्यायचं तर काय बघायचं?

ग्रेडिंगबाबा
मूळ बिल, आणि सिरीयल नंबरवर उरलेली वॉरंटी. मायनिंगमध्ये राबलेली बरीच कार्डं बाजारात आली. चिप सहसा टिकते, पंखे आणि थर्मल पॅड जातात. घेताना अर्धा तास पूर्ण भार देऊन बसा. पंख्याचा खरखराट, ८३-८४ अंशांच्या आसपास पोचून वेग पडणं, स्क्रीनवर ठिपके, यातलं एकही दिसलं तर सोडून द्या. जीपीयू-झेडमध्ये मेमरी १२२८८ एमबी आणि लिंक एक्स१६ दिसायला हवी. ३०६० चं ८ जीबीचं रूप अरुंद मेमरी बसचं आहे, ते १२ जीबीच्या भावात गळ्यात पडू देऊ नका.

फेडर_२
एलईडीवरच्या झटक्यांकडे कुणी आलंच नाही. मंगलमिक्स, तुमचं प्रॉडक्शन ५० वर आणि एलईडीला जाणारा एचडीएमआय बहुधा ६० हर्ट्झवर आहे. सेकंदाला ५० फ्रेम ६० घरांत बसवायच्या म्हणजे दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते, सेकंदाला दहा अडखळे. माणूस बोलत असताना डोळ्याला कळत नाही, आडवी सरकणारी पट्टी मात्र लगेच चुगली करते. नवं कार्ड घेऊन हे जाणार नाही.

एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन', तिथे एलईडीचा डिस्प्ले निवडा, १०८०पीच्या खाली ५० हर्ट्झ करा. यादीत नसेल तर कस्टम रिझोल्यूशन बनवा. आधी एलईडीच्या प्रोसेसरवाल्याला विचारा की इनपुट ५० वर घेतोय का. बहुतेक घेतात.

आणखी दोन गोष्टी: त्याच पॅनलमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट मोड' मॅक्झिमम परफॉर्मन्सवर, आणि विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर. भार हलका असताना कार्ड घड्याळ खाली आणतं आणि ट्रान्झिशनच्या क्षणी परत वर चढताना रेंडर टाइम उडी मारतो.

मंगलमिक्स
५० हर्ट्झ केलं, पट्टी गुळगुळीत सरकते. आता ओबीएसचं (स्ट्रीमिंगचं मोफत सॉफ्टवेअर) एक. दुसऱ्या टीमबरोबर काम असतं तेव्हा ते ओबीएस वापरतात. तिथे फ्रेम पडल्या तर दोष कार्डाचा की नेटचा, हे कसं ओळखायचं?

ग्रेडिंगबाबा
'स्टॅट्स'ची खिडकी उघडी ठेवा. तिथे तीन वेगळे आकडे असतात आणि तिन्हींची औषधं वेगळी.

रेंडरिंग लॅगमुळे चुकलेल्या फ्रेम वाढत असतील तर कार्डाला चित्र रचायलाच वेळ नाही. सीन हलके करा, ब्राउझर सोर्स कमी करा, ओबीएस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. त्याने विंडोज त्याला जीपीयूवर अग्रक्रम देतं.
एन्कोडिंग लॅगमुळे गळलेल्या फ्रेम असतील तर एन्कोडर थकलाय. एनव्हेंकचा प्रीसेट पी७ वरून पी५ किंवा पी४ वर आणा. लुक-अहेड आणि सायको व्हिज्युअल ट्युनिंग बंद करा, कारण ही दोन्ही एन्कोडरच्या चिपवर नाही, कार्डाच्या मुख्य ताकदीवर चालतात. नावात 'हार्डवेअर' असल्याने फुकट वाटतात, तशी ती नाहीत.
'ड्रॉप्ड फ्रेम्स' हा निव्वळ नेटचा प्रश्न. तिथे ५०९० लावलं तरी काही होणार नाही. बिटरेट खाली घ्या किंवा दुसरी लाइन जोडा. सीबीआर (कायम एकच बिटरेट) आणि २ सेकंदांचा कीफ्रेम ठेवा, यूट्यूबला तेच हवं असतं.

५० मालिकेचा एन्कोडर ४:२:२ करतो म्हणून भाव खाऊन जाईल, पण तुमचे कॅमेरे एसडीआयने येतात, तिथे डीकोड करायला काही नाहीच. स्ट्रीमही ४:२:० च जातो. कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालेल्या ४:२:२ १०-बिट क्लिप त्याच मशीनवर एडिट करत असाल तर मात्र उपयोग आहे. आणि पूर्ण एनडीआयचं डीकोडिंग सीपीयूवर होतं. उद्या एनडीआयचे सहा कॅमेरे झाले तर कार्डाआधी प्रोसेसर आणि नेटवर्कचा विचार करा, एका १०८०पी प्रवाहाला साधारण १२५-१५० एमबीपीएस धरून.

चौथी_लेन
एसएमपीएस राहिला. ४५० वॅटवर ५०६० टीआय लावू नका. १२७०० टर्बोत १८० वॅटपर्यंत ओढतो, कार्ड १८०, वर डेकलिंक, डिस्क, पंखे. एनव्हिडिया या कार्डाला ६०० सांगते, तुम्ही चांगल्या कंपनीचा ६५० घ्या. ४०६० ला ५५० सांगितलंय. कार्डाच्या बजेटमधून हे पैसे आधी बाजूला काढा. कार्यालयातल्या जनरेटरवर व्होल्टेज हलतं, स्वस्त एसएमपीएस तिथेच मान टाकतो. यूपीएस ऑनलाइन प्रकारचा असेल तर उत्तम.

कार्ड निवडताना जाडी बघा. तीन पंख्यांचं अडीच-तीन स्लॉट जाडीचं मॉडेल घेतलंत तर खालचा स्लॉट झाकला जाईल किंवा डेकलिंक पंख्यांना चिकटून बसेल. पंखे खालून हवा ओढतात, तिथे पाटी लावल्यासारखं होतं. मग मे महिन्यात मंडपात कार्ड तापून मंदावतं आणि दोष ड्रायव्हरला जातो. दोन स्लॉट जाडीचं, दोन पंख्यांचं मॉडेल घ्या आणि दोन्ही कार्डांत एक स्लॉट मोकळा राहतो का ते पट्टीने मोजा. गाडीतून नेताना जड कार्ड स्लॉटमध्ये हलतं, आधाराचा छोटा खांब लावाच.

ड्रायव्हर स्टुडिओ प्रकारचा, आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात अपडेट नाही. विंडोज अपडेटने ड्रायव्हर परस्पर बदलू नये म्हणून तेही थांबवून ठेवा.

मंगलमिक्स
बोर्डवर मोजलं: दोन स्लॉट जाडीचं कार्ड लावलं तर डेकलिंकच्या आधी एक स्लॉट मोकळा राहतो. ५०६० टीआय १६ जीबी, दोन पंख्यांचं, आणि ६५० चा एसएमपीएस असं ठरवतोय. नवं कार्ड आल्यावर चाचणी कशी करू?

चौथी_लेन
प्रत्यक्षातल्यापेक्षा थोडा जास्त भार. चारही कॅमेरे जिवंत, एनडीआय, व्हिडिओ लूपवर, चार चौकटींचा सीन, त्यावर पट्टी, एलईडीचं आउटपुट, रेकॉर्डिंग आणि यूट्यूबवर अनलिस्टेड स्ट्रीम. दोन तास, कॅबिनेटचं झाकण लावून. दर दहा मिनिटांनी सीन बदलत राहा, कारण शिखर ट्रान्झिशनमध्येच येतं: दोन्ही सीन एकाच वेळी रचावे लागतात. रेंडर टाइम १२ च्या आत, मेमरी ७० टक्क्यांच्या आत आणि तापमान ८० च्या खाली राहिलं तर निर्धास्त न्या. जीपीयू-झेडची ती ओळ परत बघा, '@ एक्स८ ४.०' किंवा '५.०' यायला हवी. एक्स४ दिसलं तर कार्ड काढून परत नीट बसवा, खटका वाजेपर्यंत.

फेडर_२
त्याच चाचणीत एलईडीची एचडीएमआय वायर एकदा मुद्दाम काढून परत लावा. वायर सुटली की विंडोज डिस्प्लेंचा क्रम बदलतं, आणि फुलस्क्रीन आउटपुट ऑपरेटरच्या मॉनिटरवर येऊन बसतं. मंडपात कुणाचा तरी पाय वायरमध्ये अडकतोच. कार्ड आणि वायर यांच्यामध्ये ईडीआयडी एम्युलेटर लावला तर कार्डाला वाटतं की पडदा जोडलेलाच आहे. मात्र तो ५० हर्ट्झ दाखवणारा घ्या, काही फक्त ६० सांगतात, मग नावांची पट्टी परत झटके खाईल.